लक्षद्वीपचा ज्वालामुखी कुठे गेला?

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम नववीला भूगोल शिकवतात. त्यांनी फळ्यावर नेहमीच्या तीन आकृत्या काढल्या: बेटाला चिकटलेली प्रवाळभित्ती, मग बेटापासून सुटी झालेली, मग मधलं बेट गायब आणि उरलेलं नुसतं कडं. एका मुलाने विचारलं, "मग लक्षद्वीपचा ज्वालामुखी कुठे गेला? आणि तो बुडताना कुणी बघितला?" घरी जाऊन शोधलं तर 'डार्विनचं चुकलं' असं सांगणारा मजकूर हाती लागला. वर्गात काय सांगायचं, अशी भित्ती तयार व्हायला नक्की किती वर्षं लागतात आणि शाळेच्या कपाटात मालवणहून कुणी कधीकाळी आणलेला प्रवाळाचा तुकडा आहे त्याचं काय करायचं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मॅडम, आधी त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. "कुणी बघितलं" हा प्रश्न सुटायला शंभराच्या वर वर्षं गेली.

"किती वर्षं लागतात" याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण एकाच भित्तीला तीन वयं असतात. आपल्याकडे गावाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या मातीचं टेकाड, असते ना, तसं समजा. वर माणसं राहतात, त्याखाली पणजोबांच्या घराच्या भिंती, त्याखाली कुठलीशी सातवाहनकालीन खापरं. मध्ये कधी गाव शंभर-दोनशे वर्षं ओसही पडलेलं असतं. प्रवाळभित्ती ही चुन्याची पांढरी आहे. वरचे जिवंत प्रवाळ काही दशकांचे, फार तर शेकडो वर्षांचे. त्याखालची, सलग वाढलेली दहा-वीस मीटरची जाडी काही हजार वर्षांची. आणि त्याखालचा ढीग लाखो-कोटी वर्षांचा. वर्तमानपत्रातल्या बहुतेक गोंधळाचं मूळ हेच की कोण कुठल्या थराबद्दल बोलतंय ते कुणी सांगत नाही.

आता बांधकाम. प्रवाळाचा प्राणी, म्हणजे पॉलिप, बहुतेक जातींत काही मिलिमीटरचा. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो बुडाखाली कपासारखा सांगाडा घालतो, जरा वर सरकतो आणि पुन्हा घालतो. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. भित्ती बांधणारे प्रवाळ प्रकाशाला बांधलेले असतात ते त्यामुळे. चाळीस-पन्नास मीटरांच्या खाली त्यांचं बांधकाम मंदावतं आणि मग थांबतंच. ही एकच अट लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

फांद्यांचे प्रवाळ वर्षाला १० सेंटिमीटरपर्यंत वाढतात, गोल दगडासारखे पोराइटिस साधारण १ सेंटिमीटर. भित्ती मात्र वर्षाला काही मिलिमीटरच वर येते. मधला चुना जातो कुठे? लाटा फांद्या मोडतात, स्पंज आणि शिंपले आतून पोखरतात, पोपटमासे तर चक्क दगड चावून खातात आणि वाळू करून टाकतात. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती २०१५ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची निघाली. हा सगळा चुरा खाचाखोचांत बसतो आणि त्यावर गुलाबी चुनेरी शैवाल सिमेंटसारखा लेप देतं. भित्ती आरपार कापून पाहिली तर जागच्या जागी उभा असलेला प्रवाळ कमी आणि भराव जास्त, असं बऱ्याचदा दिसतं.

असे कापलेले गाभे, आम्ही त्यांना कोअर म्हणतो, मी पंचवीसेक वर्षं हाताळतोय. नवखा असताना एका पेटीतले तुकडे मी दोन दिवस खपून वर्णन करून ठेवले. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ बाईंनी नुसतं भिंग लावलं आणि विचारलं, "पेटी उलटी आहे हे कळलं का तुला?" बोटीवर कुणीतरी 'वर' आणि 'खाली' या खुणा उलट्या केल्या होत्या. त्यांना कळलं कसं? प्रवाळाच्या पोकळीत बारीक गाळ अर्धा भरतो, वाटीत पेज भरावी तसा, आणि त्याचा वरचा पृष्ठभाग सपाट राहतो. पुढे उरलेल्या जागेत स्फटिक वाढतात. लाखो वर्षांनीही ती गवंड्याच्या पाणसळीसारखी 'वर कुठे' ते सांगते. माझ्या पेटीतल्या सगळ्या वाट्या पालथ्या होत्या.

आता डार्विन. १८४२ मध्ये त्याने आपली उपपत्ती पुस्तकरूपाने मांडली, पण कल्पना त्याला सुचली ती दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, खरी प्रवाळभित्ती डोळ्यांनी पाहण्याआधी. तिथे जमीन वर उचलली गेल्याच्या खुणा त्याला दिसत होत्या. जमीन एकीकडे उचलली जात असेल तर दुसरीकडे समुद्राचा तळ खचत असणार, असा त्याचा तर्क. त्या वेळचं मान्य मत असं होतं की कंकणद्वीप, म्हणजे अॅटॉल, हे बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेवर उगवतं. (अॅटॉल हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतला. लक्षद्वीपच्या मिनिकॉयवर तिचीच बोली बोलतात.) पन्नास-शंभर किलोमीटर रुंदीची मुखं, तीही सगळी नेमकी समुद्रसपाटीच्या जरा खाली? डार्विनला ते पटेना. त्याने म्हटलं, बेट हळूहळू खचतं, प्रवाळ वर वाढत राहतात, बेट बुडतं आणि कडं उरतं. १८३६ च्या एप्रिलमध्ये हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर त्याने असं कडं प्रत्यक्ष पाहिलं.

पुरावा म्हणजे भोक पाडणं. उथळ पाण्यातला प्रवाळ शेकडो मीटर खोलीवर सापडला, तर तळ खचला हे सिद्ध. मृत्यूच्या आदल्या वर्षी डार्विनने एका पत्रात लिहिलं होतं की एखाद्या गडगंज लक्षाधीशाने मनावर घेऊन अशी बोअर मारून द्यावी. १८९६ ते १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने पॅसिफिकमधल्या फुनाफुतीवर सुमारे ३४० मीटर खोल भोक पाडलं. तळापर्यंत चुनखडकच लागला, ज्वालामुखीचा दगड लागलाच नाही. दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला. विरोधक म्हणाले, हा तर वरून उतारावर गडगडलेला चुरा. निकाल लागला १९५२ साली, मार्शल बेटांतल्या एनेवेटक अॅटॉलवर, आणि तोही अमेरिकेच्या अणुचाचण्यांच्या तयारीत. दोन भोकं बेसॉल्टला, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या दगडाला, भिडली, एक १,२६७ मीटरवर आणि दुसरं १,४०५ मीटरवर. बेसॉल्टवरचे सगळ्यात जुने थर इओसीन काळातले, म्हणजे ढोबळमानाने पाच कोटी वर्षांपूर्वीचे. हे उथळ पाण्यातले थर आज सव्वा-दीड किलोमीटर खाली आहेत. तळ खचला होता. लक्षाधीशाऐवजी बॉम्बवाल्यांनी भोक पाडून दिलं, एवढाच फरक.

खचण्याचं कारण डार्विनला ठाऊक नव्हतं. ते साधं आहे: ज्वालामुखीखालचं सागरी कवच तरुणपणी गरम आणि फुगलेलं असतं. जसजसं ते थंड होतं तसतसं आकसतं, जड होतं आणि खाली बसतं.

त्या मुलाचा मूळ प्रश्न लक्षद्वीपचा आहे, आणि इथे तुमच्या वर्गासाठी खरी मेजवानी आहे. शिलाईमशीनची सुई जागेवर खालीवर होते आणि कापड पुढे सरकतं. हिंदी महासागरात अशी एक सुई आहे. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा उष्ण खडकाचा प्रवाह, ज्याच्यावर आज रेयुनियन बेट बसलंय. भारताचं कापड उत्तरेला सरकत असताना त्या सुईचा पहिला मोठा टाका पडला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तो म्हणजे आपलं दख्खनचं पठार, सह्याद्रीच्या कड्यांत थरावर थर दिसणारा काळा पाषाण. पुढचे टाके दक्षिणेकडे: लक्षद्वीप, मालदीव (सुमारे ५.७ कोटी), चागोस (सुमारे ४.९ कोटी), मग फार पुढे मॉरिशस, आणि शेवटी रेयुनियन, जिथला ज्वालामुखी आजही वारंवार लाव्हा ओततो. थोडं सावध राहून सांगायचं तर लक्षद्वीपच्या अगदी तळाशी भारतीय खंडाचाच ताणून पातळ झालेला तुकडा असावा, असं भूभौतिक मोजणीवरून बरेच जण मानतात. लाव्हा त्यावर आला. पण मुलाला उत्तर द्यायला हरकत नाही: ज्वालामुखी गेला नाही, जाड चुनखडकाखाली गाडला गेला आहे, आणि त्याचा थोरला भाऊ म्हणजे आपला सह्याद्री.

१९८७ मध्ये 'जॉइडिस रेझोल्यूशन' या जहाजाने याच डोंगररांगेवर मालदीवजवळ भोक पाडलं. सव्वादोन किलोमीटर पाण्याखाली त्यांना उथळ पाण्यातला चुनखडक सापडला आणि त्याखाली उघड्या हवेत थंड झालेला बेसॉल्ट. म्हणजे तिथे एके काळी बेट होतं, त्याला प्रवाळ चिकटले, आणि मग ती भित्ती बुडून मेली. त्याच मालदीवमध्ये तेलाच्या शोधात खोदलेल्या विहिरींत दोन किलोमीटरहून जाड चुनखडकाची सलग रास मिळाली. एकाच डोंगराचा तळ खचत असताना एक भित्ती बुडाली आणि शेजारच्या तगल्या. असं का?

जरा हिशेब करा. एनेवेटकचे १,४०५ मीटर भागिले पाच कोटी वर्षं, म्हणजे वर्षाला ०.०३ मिलिमीटर. आपलं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. तेवढं खचायला त्या बेटाला शंभर वर्षं लागतात! भित्ती वर्षाला ३ मिलिमीटर वाढली तरी ती खचण्याच्या शंभरपट वेगाने वर येते. खचण्यामुळे निरोगी भित्ती बुडूच शकत नाही. बुडते ती आजारी पडल्यावर. मालदीवमध्येच २०१५ च्या खोदमोहिमेत दिसलं की सुमारे १.३ कोटी वर्षांपूर्वी तिथल्या भित्तींचा मोठा भाग अर्धवट बुडाला, आणि नेमक्या त्याच सुमारास मोसमी वारे आजच्या जोराने वाहू लागले. वाऱ्यांनी प्रवाह बदलले, पोषक द्रव्यांचं पाणी वर आलं. प्रवाळाला पोषक पाणी सोसत नाही हे ऐकायला विचित्र वाटतं, पण असं पाणी गढूळ होतं, प्रकाश अडतो आणि पोखरणारे माजतात. ज्या वाऱ्यांवर आपला पाऊस येतो त्यांनीच तिकडे भित्ती मारल्या.

आणि आता तो 'डार्विनचं चुकलं' वाला मुद्दा. गेल्या काही लाख वर्षांत समुद्र स्थिर कधी नव्हताच. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. तेव्हाचं लक्षद्वीप डोळ्यांसमोर आणा: नारळ आणि कड्याच्या आतल्या उथळ पाण्याचं निळं खारकच्छ वगैरे काही नाही. पाण्यातून सरळ वर उठलेले, शंभर मीटरहून उंच कड्यांचे चुनखडकाचे उघडे माळ. त्यावर पाऊस पडतो, आणि पावसाचं पाणी किंचित आम्ल असल्यामुळे चुना विरघळतो. माळाच्या मध्यभागी पाणी साठून मुरतं, तिथे दगड जास्त झिजतो. कड उंच राहते. हजारो वर्षांत माळाची परात होते. मग बर्फ वितळतं, समुद्र चढतो, आणि प्रवाळ आधी कुठे बसतात? उंच राहिलेल्या कडेवर. कडं पुन्हा तयार.

कोअरमध्ये हा ओस पडलेला काळ बोट ठेवून दाखवता येतो. वरून पांढरट, ताजा प्रवाळ येत असतो, कपांच्या भिंती शाबूत. मग एक तपकिरी-तांबूस पातळ पट्टी, कधी कधी त्यात मुळांच्या नळ्या. ती माती आहे, समुद्राच्या मधोमध. तिच्याखाली लगेच दगडाचा पोत बदलतो: मूळ अॅरागोनाइट (प्रवाळ घालतो तो चुना) विरघळून त्याचं कॅल्साइट (चुन्याचंच जास्त टिकाऊ रूप) झालेलं, प्रवाळाच्या जागी नुसती त्याच्या आकाराची पोकळी. त्या पट्टीच्या वरचा प्रवाळ काही हजार वर्षांचा आणि एक वीत खालचा सव्वा लाख वर्षांचा असू शकतो. डार्विनच्या कीलिंगवर पुढे बोअर मारल्या गेल्या तेव्हा साधारण १० मीटरांच्या आसपासच तो जुना, सव्वा लाख वर्षांपूर्वीचा दगड लागला. त्याने पायाखाली पाहिलेली भित्ती म्हणजे जुन्या पांढरीवरचं अगदी नवं घर होतं.

२०२१ मध्ये आंद्रे द्रोक्सलेर आणि स्टेफान जोरी यांनी मुख्यतः मालदीवच्या आधारे हाच मुद्दा जोराने मांडला: आजच्या कंकणद्वीपांचा आकार बेट बुडाल्यामुळे आलेला नाही, सपाट चुनखडकाच्या माळांवर समुद्राच्या या चढउतारांनी तो कोरला. मला त्यांचा युक्तिवाद बऱ्याच अंशी पटतो, मथळे पटत नाहीत. चुनखडकाची किलोमीटरभर रास चढायला तळ खचावाच लागतो, तो हिशेब डार्विनचाच. वरच्या कड्याचा आकार मात्र पाऊस आणि हिमयुगांनी ठरवला, आणि समुद्र इतका खालीवर होतो हे डार्विनच्या हिशेबात नव्हतं. तीन आकृत्या पुसू नका, शेजारी चौथी काढा: उभा छेद, तळाला काळा बेसॉल्ट, वर जाड पांढरी रास, मधूनमधून तांबड्या पट्ट्या आणि सगळ्यात वर पातळ साय.

समुद्र चढतो तेव्हा सगळ्याच भित्ती जागच्या जागी वाढत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या काठावर २०१० मध्ये कोअर काढले गेले. त्यांतून दिसलं की गेल्या ३०,००० वर्षांत तिथली भित्ती पाच वेळा मेली आणि दर वेळी मागे-पुढे सरकून पुन्हा उभी राहिली. पण तिच्याकडे दर वेळी शेकडो-हजारो वर्षं होती. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ च्या मोठ्या उष्ण लाटांनी ब्लीचिंग झालं, म्हणजे शैवाल निघून गेलं आणि प्रवाळ पांढरे पडले. दोन लाटांमधलं अंतर आधी बारा वर्षं, मग सहा. आज समुद्र वर्षाला चारेक मिलिमीटर चढतोय. एरवी हा वेग भित्तीला झेपणारा आहे, पण वर बांधणारेच आजारी असतील तर पोखरणारे आणि लाटा काम थांबवत नाहीत.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. भित्ती हा उद्योग गवंड्यांपेक्षा जुना आहे, गवंडी बदलत गेले. ५२ कोटी वर्षांपूर्वी स्पंजांसारखे आर्किओसायथ होते. डेव्होनियन काळात, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी, आता नामशेष झालेल्या दोन प्रवाळकुळांनी प्रचंड भित्ती बांधायला हातभार लावला. त्या काळच्या प्रवाळांवर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा आहेत. जॉन वेल्सने १९६३ मध्ये त्या मोजल्या तर वर्षाला सुमारे ४०० भरल्या, कारण पृथ्वी तेव्हा जास्त वेगाने फिरत होती आणि दिवस लहान होता. हे मुलांना जरूर सांगा. २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात ती दोन्ही कुळं संपली. आजच्या दगडी प्रवाळांचे पूर्वज त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी दिसू लागतात. क्रेटेशियसमध्ये, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडात, बरंचसं काम रुडिस्ट नावाच्या जाडजूड शिंपल्यांनी उचललं, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर तेही गेले. दख्खनचा लाव्हा वाहत होता तो हाच काळ.

महाराष्ट्रात लक्षद्वीपसारखी भित्ती का नाही? पावसाळ्यात नद्या लाल पाणी आणि गाळ आणतात, त्यात प्रकाश मरतो. मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवर आहेत ते प्रवाळ गाळ सोसणाऱ्या चिवट जातींचे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं. खरी भित्ती पाहायची तर किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आंग्रिया बँकेवर जावं लागेल. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा हा बुडालेला माळ, माथ्यावर विसेक मीटर पाणी, गाळापासून लांब. हिमयुगात तो पाण्याबाहेर असणार. मुंबईसमोरच्या समुद्रात पन्नास वाव (सुमारे ९० मीटर) खोलीवर खसखशीसारखे चुन्याचे गोल दाणे सापडतात, जे उथळ पाण्यातच तयार होतात. किनारा तेव्हा तिकडे होता.

राहिला कपाटातला तुकडा. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, मेलेलाही किनाऱ्यावरून उचलायचा नाही, तेव्हा सहलीला नवा आणू देऊ नका. जुन्या तुकड्याबद्दल वनविभागाला विचारून घ्या. तोवर त्याला दहापट भिंग लावा. टाचणीच्या डोक्याएवढे खळगे दिसतील आणि प्रत्येकात मध्याकडे जाणारे पातळ पडदे. आजच्या दगडी प्रवाळांत हे पडदे सहाच्या पटीत येतात. २५ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या त्या कुळांपैकी एकात मांडणी चौकडीची होती. तुकडा पोराइटिसचा असेल तर बारा भरतील. मुलांना मोजायला द्या, पण झिजलेली बाजू नको, तुटलेल्या कडेजवळचे खळगे निवडा. झिजलेल्यात अकरा की तेरा यावरून तास संपेल.